नाशिकहून कोकण किनारा, दोघांनीच, मोटारबोटीनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नाशिक परिसरातल्या अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे वीस ते चोवीस फुटी मोटारबोट आहे किंवा घ्यायचं चाललं आहे, आणि ज्यांना मांडवा ते मालवण हा किनारा गावोगावी थांबत करायचा आहे. अंतरं नॉटिकल मैलात दिली आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट.

गंगापूर धरणावर बोट व्यवस्थित चालवतो. तेवढ्यावर समुद्रात जाता येईल का?

वळवणं, धक्क्याला लावणं, दोर बांधणं हे सगळं धरणावर पक्कं होतं. भरती-ओहोटी, लाटांची लय, खाडीच्या तोंडाशी साचलेली वाळू आणि मासेमारीची जाळी या चार गोष्टी तिथे नसतात, आणि कोकणात बोटी अडचणीत येतात त्या बहुतेक याच चारांमुळे. म्हणून पहिले दोन दिवस मांडवा-अलिबाग पट्ट्यात एखाद्या स्थानिक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या अनुभवी माणसाला, सोबत घेऊन काढा. त्याचे पैसे वाया जात नाहीत.

धरणावर ठेवलेल्या बोटीत दोन गोष्टी बदलाव्या लागतात आणि त्या हमखास राहून जातात. पहिली ॲनोड. इंजिनाच्या पायावर बसवलेला हा धातूचा तुकडा स्वतः झिजतो आणि बाकीचं इंजिन वाचवतो. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा ॲनोड बसवतात. खाऱ्या पाण्यात तो भराभर विरघळतो आणि संपला की गंज थेट गिअरकेसला धरतो. समुद्रासाठी झिंक किंवा ॲल्युमिनियमचा हवा. ॲनोडवर रंग मारू नका, रंगवलेला ॲनोड काहीच काम करत नाही.

दुसरी पंखा, म्हणजे प्रॉपेलर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद इथे साधारण सहा टक्क्यांनी कमी भरते. इथे पूर्ण फेरे मिळावेत म्हणून कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकेल ते अंतर) पंखा लावला असेल, तर मांडव्याला तेच इंजिन ठरलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर जाईल. समुद्रावर उतरल्यावर सामानासह पूर्ण थ्रॉटल देऊन टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्यांचा काटा, बघा. फेरे मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत हवेत. जास्त असतील तर पिच एक इंचानं वाढवली की साधारण दीडशे-दोनशे फेरे उतरतात.

कोणते महिने धरावेत?

डिसेंबर आणि जानेवारी. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पूर्वार्धही चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयाननं कोकणाला दिलेला तडाखा मच्छीमार अजून विसरलेले नाहीत. मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा रोज थोडा वाढत जातो. मे महिना सुट्टीचा असतो, पण समुद्र तेव्हा फुगायला लागलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्या काळात छोट्या मोटारबोटीनंही समुद्रात जायचा विषय काढू नये.

हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही आदल्या संध्याकाळी बघा. लाट एक मीटरपर्यंत असेल तर निघा. दीड मीटर दाखवत असेल तर गावात थांबा, किल्ला बघा.

सकाळी किती वाजता निघायचं?

उजाडलं की. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळ पाणी जवळजवळ सपाट असतं. अकराच्या सुमारास वारा पडतो, मग वायव्येकडून भरायला लागतो आणि तीन-चारपर्यंत १२ ते १५ नॉटवर जातो. तेवढ्या वाऱ्यात वीस फुटी बोट बुडत नाही, पण कंबर आणि बोट दोन्ही आपटून निघतात. नियम साधा आहे: अकराच्या आत नांगर पडला पाहिजे. या मार्गावरचा सगळ्यात लांब टप्पा ३० मैलांचा आहे. १६ नॉटनं तो दोन तासांत होतो. त्यामुळे घाई वेगाची नसते, पहाटे उठण्याची असते.

भरतीची वेळ कशी काढायची? तिथी बघून तारखा ठरवाव्यात का?

तारखा तिथी बघूनच ठरवाव्यात. ऑफिसची सुट्टी मग त्यात बसवावी, उलटं नको.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे मुंबईजवळच्या किनाऱ्याला लागू पडतं; दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. त्यामुळे तारखा ठरवायला हा हिशेब आणि त्या दिवशी प्रत्यक्ष निघायला छापील भरती-ओहोटीचं कोष्टक.

आता हा हिशेब अकराच्या नियमाशी जोडा. तुम्ही सकाळी सातला एका खाडीतून बाहेर पडणार आणि साडेनऊला पुढच्या खाडीत शिरणार. दोन्ही वेळी तोंडाशी पाणी हवं, आणि शिरताना ते चढतं असेल तर उत्तम. कारण चढत्या पाण्यात बोट वाळूला टेकली तरी दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात टेकली तर सहा-सात तासांची निश्चिंती. दशमी ते द्वादशी हे दिवस सोन्यासारखे. साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती, निघताना पाणी चढतंय, पोचताना बरंचसं भरलेलं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह मंद.

सगळ्यात वाईट दिवस द्वितीया ते पंचमी. उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी जोर धरतं आणि नेमकी तेव्हाच ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या मध्ये येते. म्हणजे तुम्ही पोचणार तेव्हा पाणी तळाला गेलेलं. हे चार दिवस एका गावात मुक्काम टाका. पौर्णिमा-अमावस्येला पहाटे पाणी खाली असतं, म्हणून आठनंतर निघून साडेदहाला भरत्या पाण्यात शिरा; वारा तोवर उठलेला नसतो.

थोडक्यात, सप्तमी-अष्टमीला मांडवा सोडा. त्रयोदशीपर्यंत सहा-सात टप्पे होतात, उधाणात रत्नागिरीला थांबा, मग पुढचे टप्पे.

मार्ग आणि मुक्काम कसे असावेत?

मांडवा ते रेवदंडा, सुमारे १८ मैल. खांदेरी-उंदेरीच्या बाहेरून, म्हणजे पश्चिमेकडून जा. अलिबागसमोर चौल कडूचा खडक आहे, भरतीत तो दिसत नाही. त्यालाही बाहेरून वळसा. रेवदंड्याच्या कुंडलिका खाडीत मालाचे बार्ज येतात-जातात, त्यांना वाट द्यायची. त्यांना थांबता येत नाही.

रेवदंडा ते दिघी, १६ मैल. राजपुरीच्या खाडीत शिरताना जंजिरा लागतो. आत आगरदांडा-दिघी बाजूला नांगराला चिखल चांगला मिळतो. दिघी हे मोठ्या जहाजांचं बंदर आहे, बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या, मधल्या वाटेत रेंगाळू नका. आगरदांडा-दिघी फेरीबोटही आडवी जाते.

दिघी ते हर्णे, ३० मैल. लांब वाटत असेल तर मध्ये सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट आहे, पण तिथे वाळू फार, स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका. हर्णेला सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो, तरी जागा उघडीच; तिथल्या बोटी हवा बिघडली की शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत जातात. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो आणि तेव्हा डिंगीनं, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीनं, उतरायला जागा मिळत नाही. दुपारीच उतरा.

हर्णे ते दाभोळ, १५ मैल. वाशिष्ठीचं तोंड, दक्षिणेला टाळकेश्वरचा दीपस्तंभ, तो ओळखायची खूण. आतली खाडी लांबच लांब आणि शांत आहे. आमच्या मते सगळ्या मार्गावर एक जास्तीचा दिवस द्यायचा तर तो इथे. गुहागरला समुद्रातून थांबायचा मोह आवरा; किनारा सरळ आणि उघडा आहे, दाभोळहून फेरीनं धोपाव्याला उतरून रस्त्यानं जा.

दाभोळ ते जयगड १८ मैल, जयगड ते रत्नागिरी २० मैल. जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी आत चांगला आडोसा आहे. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदर मच्छीमार बोटींनी खच्चून भरलेलं असतं. आधी बंदर कार्यालयात विचारून जागा ठरवा. मिऱ्याच्या उपसागरात वायव्येचा वारा थेट आत येतो, तिथे रात्र काढू नये.

रत्नागिरी ते विजयदुर्ग, २७ मैल. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला पाण्याखाली दगड आहेत, त्या बाजूनं फोटोसाठी जवळ जाऊ नका. उत्तरेकडून वाघोटन खाडीच्या तोंडात शिरा आणि किल्ल्याच्या पूर्वेला नांगर टाका. तिथून देवगड जेमतेम १२ मैल. किनाऱ्यावरच्या सगळ्यात सुरक्षित छोट्या बंदरांपैकी एक.

देवगड ते मालवण, २१ मैल. मालवणचं बंदर खडकांनी भरलेलं आहे. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याच्या पातळीखाली एक-दीड मीटरवर दगड आहेत आणि वाट वाकडी आहे. फोन करून स्थानिक नाववाल्याला बाहेर बोलवा, त्याच्या मागून आत जा. शिवाय हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही.

एकूण १७५ ते १८० मैल. खाड्यांमधलं आत-बाहेर धरून २०० मैलांचा हिशेब करा.

खाडीच्या तोंडातून शिरताना नेमकं काय करायचं?

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा तयार होतो. तो दर पावसाळ्यात जागा बदलतो, म्हणून डेहराडूनच्या जलालेखन कार्यालयाचा नकाशा जवळ असावाच, पण तोंडाशी त्यातल्या खोलीवर विसंबू नये. उपग्रह चित्रंही बरेचदा मागच्या मोसमातली असतात.

फसगत अशी होते: समुद्राकडून बघताना तुम्हाला फुटणाऱ्या लाटांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. पाठ गुळगुळीत असते, त्यामुळे लाट आहे त्यापेक्षा लहान वाटते. म्हणून तोंडाच्या बाहेर दहा मिनिटं थांबा. लाटा गटागटानं येतात. मोठा गट गेला की मधली शांतता किती वेळ टिकते ते मोजा. पांढरा फेस सलग दिसतो तिथे वाळू, फेस तुटलेला दिसतो तिथे वाट. मच्छीमार बोट आत जात असेल तर तिच्यामागे शंभर मीटर ठेवून जा, पण तिचा तळ आणि तुमचा पंखा यातला फरक ध्यानात ठेवा. इंजिन खाली असताना अशा बोटीला साधारण ८० सेंटिमीटर पाणी लागतं; लाटेचा खड्डा धरून खोली दाखवणाऱ्या साउंडरवर दीड मीटरच्या खाली आकडा गेला की मागे फिरा.

आत जाताना लाटेच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगानं जा. लाटेला ओलांडून पुढे गेलात तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समोरच्या खड्ड्यात घुसते आणि बोट आडवी फिरते. हळू पडलात तर मागची लाट आत येते. इंजिन किंचित वर ट्रिम केलेलं, दोघांनी लाइफ जॅकेट घातलेलं, सामान बांधलेलं. ओहोटीचा प्रवाह बाहेर आणि दुपारचा वारा आत, अशी गाठ पडली तर लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. तेव्हा शिरूच नका. आत एकदा गेलात की जीपीएसवरचा ट्रॅक जपून ठेवा. सकाळी त्याच रेषेवरून बाहेर पडता येतं.

बोट आणि इंजिन कसं असावं?

दोघांसाठी २२ ते २४ फुटी फायबरची बोट, पुढे छोटी केबिन, मागे ११५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, आणि शेजारी वेगळ्या टाकीवर चालणारं आठ-दहा अश्वशक्तीचं छोटं इंजिन. छोटं इंजिन आठवड्यातून एकदा तरी चालवून बघा, नाहीतर गरजेच्या वेळी ते सुरू होत नाही. रुंदी अडीच मीटरच्या आत ठेवा, नाहीतर रस्त्यावर ट्रेलरची अडचण.

डिझेल इनबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाच्या, बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे. मासेमारी बंदरावर डिझेल मिळतं, पेट्रोल मिळत नाही. पण ते वजनदार, आणि ट्रेलरवरून नाशिकला न्यायची बोट हलकी बरी.

पेट्रोल किती लागतं आणि कुठे मिळतं?

११५ अश्वशक्तीचं इंजिन निवांत १६ नॉटवर मैलाला साधारण १.४ लिटर पितं. दोनशे मैलांना २८० लिटर. हिशेब तिहाईचा ठेवा: टाकीचा एक तृतीयांश नेहमी राखीव. म्हणजे २०० लिटरच्या टाकीतले १३० लिटर वापरायचे, त्यात ९० मैल होतात. मांडव्याहून दाभोळपर्यंत ७९ मैल. म्हणून दाभोळला टाकी भरायची, मग विजयदुर्ग-देवगडला पुन्हा.

भरायचं कसं, हाच या प्रवासातला सगळ्यात कटकटीचा भाग. धक्क्यावर पेट्रोल नसल्यानं रस्त्यावरच्या पंपावरून कॅननं आणावं लागतं. विनापरवाना एका वेळी जवळ ठेवायची मर्यादा ३० लिटर आणि एक भांडं २५ लिटरपर्यंतचं. बोटीच्या टाकीतलं पेट्रोल या मर्यादेत मोजलं जात नाही. म्हणजे १३० लिटरसाठी रिक्षानं पाच फेऱ्या. पत्र्याचे पंधरा लिटरचे दोन कॅन घ्या. प्लास्टिकच्या बाटलीत किंवा ड्रममध्ये पंपवाले देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. भरताना कॅन जमिनीवर ठेवा, रिक्षात ठेवून भरू नका, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. कोणता पंप सुटं पेट्रोल देईल हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा.

आता मिळणारं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल पाणी शोषतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून बोट महिनाभर उभी राहिली की ओलावा साचतो, इथेनॉल आणि पाणी तळाला वेगळं होतं आणि इंजिन पहिल्याच मोठ्या लाटेत खोकायला लागतं. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, दोन जादा जवळ ठेवा, आणि त्याच्या पारदर्शक वाटीत तळाला थर दिसतो का ते रोज सकाळी बघा.

कोणती कागदपत्रं आणि परवानग्या लागतात?

राज्यातली ४८ लहान बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत आहेत. बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र याबाबत प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष जा, मार्ग लिहून द्या आणि परवानगी लेखीच घ्या. या किनाऱ्यासाठी मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला इथली कार्यालयं कामाची. नोंदणी क्रमांक बोटीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवलेला हवा.

प्रत्येक मुक्कामी सागरी पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या चौकीत एक कागद द्या: दोघांची नावं, आधार क्रमांक, फोन, बोटीचा क्रमांक आणि रंग, पुढचं गाव, पोचायची वेळ. २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होतेच. कागद आधी गेला असेल तर ती पाच मिनिटांत संपते. मुंबई बंदरात नौदलाच्या हद्दीत, तुर्भ्याच्या भाभा केंद्राच्या बाजूला किंवा जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्यांजवळ जायचं नाही.

मोबाईलला रेंज नसेल तर? सॅटेलाइट फोन न्यावा का?

विनापरवाना सॅटेलाइट फोन भारतात चालत नाही. परदेशातून कुणी आणून दिलेलं उपग्रह संदेशाचं यंत्रही त्यातच आलं. पकडलं तर गुन्हा दाखल होतो. त्याऐवजी परवाना काढलेला व्हीएचएफ रेडिओ संच, चॅनेल १६ वर. जोडीला संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन, भारतात नोंदणी करून. किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत मोबाईल बहुतेक ठिकाणी लागतो. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही क्रमांक सुकाणूजवळ रंगानं लिहून ठेवा. ऐन वेळी फोनबुक उघडत बसायला कुणाला सुचत नाही.

जाळी कशी ओळखायची? पंख्यात अडकलं तर?

रायगडच्या पट्ट्यात खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी असतात, प्रवाहात तोंड उघडून बांधलेली. सिंधुदुर्गात किनाऱ्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढतात. माणसं वाळूवर दोरी ओढताना दिसली की अर्धा मैल बाहेरून जा. बाकी ठिकाणी बोये बघा. थर्मोकोलचा तुकडा, काळा झेंडा, तेलाचा रिकामा डबा, काहीही बोया असू शकतं. दोन बोये एका ओळीत दिसले तर मधून जाऊ नका. सूर्य समोर असताना हे दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्यानं नाळेपाशी बसून नजर ठेवायची. रात्री प्रवास करू नये याचं मुख्य कारणही हेच.

अडकलंच तर लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, चावी काढून खिशात. नांगर टाका, म्हणजे बोट वाहत जाऊन आणखी गुंडाळणार नाही. इंजिन वर उचला आणि दातेरी सुरीनं दोर कापा. मोठा दोर दिसतो आणि निघतो. खरा त्रास नायलॉनच्या बारीक धाग्याचा. तो पंख्याच्या मागे शाफ्टवर गुंडाळला जातो आणि तेलाची सील कापतो. म्हणून त्याच दिवशी मुक्कामी पंखा उतरवून मागे बघा, आणि गिअर ऑइलचा थेंब काढून तपासा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. सील बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाळं कापावं लागलं तर मालक शोधून भरपाई द्या. पुढच्या गावात तुमच्याआधी बातमी पोचलेली असते, चांगली किंवा वाईट.

नांगर किती वजनाचा, दोर किती सोडायचा?

आठ ते दहा किलोचा डॅनफोर्थ (दोन चपट्या पात्यांचा नांगर), त्याला आठ मिलिमीटरची दहा मीटर साखळी, पुढे १२ मिलिमीटरचा साठ मीटर नायलॉन दोर. खडकाळ जागेसाठी छोटा चार आकड्यांचा नांगर वेगळा. दोर भरतीच्या खोलीवर मोजा: आत्ता ओहोटीत तीन मीटर पाणी, भरतीत तीन मीटर वाढणार, नाळ पाण्यापासून एक मीटर वर; झाले सात. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर सोडा, वारा असेल तर सातपट. धरणातल्या सवयीनं दहा मीटर सोडलात तर रात्री भरतीत नांगर उचलला जातो आणि बोट शेजारच्या ट्रॉलरवर जाते.

दोघांपैकी एक पाण्यात पडला तर?

दोघांच्या प्रवासात हा प्रश्न सगळ्यात गंभीर, कारण बोटीवर उरतो तो एकटाच. त्यामुळे बोट दोघांनाही चालवता आली पाहिजे: इंजिन सुरू करणं, वळवणं, नांगर टाकणं, व्हीएचएफवर बोलणं. “ह्यांना येतं की सगळं” हे उत्तर चालणार नाही, कारण पडलेले ‘हे’च असू शकतात. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी (ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं) बांधलेलीच हवी. जादा दोरी दुसऱ्यासाठी, नाहीतर पहिला दोरीसकट पाण्यात आणि इंजिन सुरू होईना.

पडल्याबरोबर न्यूट्रल, तरंगणारी रिंग फेका, जीपीएसवर जागा नोंदवा, नजर हलवू नका. वाऱ्याच्या खालच्या अंगानं फिरून वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ या आणि बोटीच्या लांबीएवढं अंतर उरलं की इंजिन बंद. मागच्या बाजूला शिडी हवी, तिच्या दोन पायऱ्या पाण्याखाली गेल्या पाहिजेत. ओल्या कपड्यातल्या माणसाला हातांनी ओढून वर घेणं एकट्याला जमत नाही. हा सराव धरणावर परवानगीच्या जागेत, पाण्यानं अर्धा भरलेला वीस लिटरचा कॅन टाकून करा. सांगताना सोपं वाटतं, पहिल्या खेपेला कॅन बोटीखाली जातो.

पोहता येत नाही. तरी चालेल?

जॅकेट सतत अंगात असेल तर चालेल. पण आधी त्या जॅकेटसह पाण्यात उतरून बघा.

झोपायचं कुठे? स्वयंपाक, शौचालय?

बोटीवर झोपता येतं, पण हिवाळ्यात पहाटे दव इतकं पडतं की सगळं भिजतं, आणि मासेमारी बंदरात पहाटे तीनपासून इंजिनं धडधडतात. आम्ही एकाआड एक रात्र गावात घरगुती मुक्काम सुचवू. बोट एकटी ठेवायची तर नांगर टाकून तासभर बघा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का.

बोटीवर गॅस नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि तिथेच पेट्रोलची वाफही असते. घरून दशम्या, चटणी, चिवडा न्या. बाकी जेवण गावात. पाणी माणशी रोज चार लिटर, आणि दोन दिवसांचं जादा. शौचालयासाठी झाकणाचं सुटं पोर्टेबल युनिट मिळतं, ते घ्याच. बाईमाणसांनी दिवसभर पाणी न पिता काढायचं, हा प्रकार उन्हात आजारी पाडतो.

बोट लागते, त्यावर काय?

गोळी निघायच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून सुकाणूवर असणाऱ्यानं घेऊ नये. क्षितिजाकडे बघा, मोबाईलकडे नको. रिकाम्या पोटी जास्त लागते.

इंजिन मध्येच गरम झालं किंवा बंद पडलं तर?

आधी इंजिनामागची पाण्याची धार बघा. धार बारीक किंवा बंद असेल तर पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. इंजिन बंद करून वर उचला, काढा. तरी धार नाही, तर इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र. चिखलाच्या खाडीत रबराच्या पात्या लवकर झिजतात, म्हणून निघण्याआधी नवा बसवा आणि एक जवळ ठेवा. त्याशिवाय जवळ असावं: जादा पंखा, त्याचा नट आणि पिन, स्पार्क प्लग, फ्यूज, फिल्टर, गिअर ऑइल. दुरुस्ती सुरू करण्याआधी नांगर टाका. हे सगळे विसरतात.

स्वतःची बोट नसेल तर?

तांडेलासह बोट भाड्यानं घेऊन तुकड्यातुकड्यानं करा; दाभोळची खाडी आणि विजयदुर्ग-देवगड हे दोन तुकडे आधी.

परत येताना बोटीनंच उत्तरेला यावं का?

नको. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर. वेळ आणि पेट्रोल दोन्ही जास्त, आणि बोट सारखी आपटते. ट्रेलर कुणाकडून तरी रस्त्यानं मालवणला आणवा. गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर असूनही ती गेली पूर्वेला, त्यामुळे नाशिककराच्या बोटीला घाट चुकत नाही.

उतरवायला आणि चढवायला चांगले उतार फार कमी आहेत. बहुतेक ठिकाणी हायड्रा क्रेन आणि दोन रुंद पट्टे. उतारावरून काढत असाल तर ट्रेलर पाण्यात घालण्याआधी चाकांचे हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. लांबून आलेला गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, खारं पाणी सीलमधून आत ओढलं जातं आणि बेअरिंग पुढच्या घाटात जातं. बाहेर काढल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर १५ मिनिटं चालवा, ट्रेलर आणि ब्रेक धुवा, आणि कसारा चढायच्या आधी हबमध्ये नवं ग्रीस भरा.